नव्या बंदराचा दोरवाला

जुलै. नेपच्यूनच्या सणाचा दुसरा दिवस

सणाने माणसांची पार वाट लावली. काल फांद्यांच्या मांडवाखाली दिवसभर ढोसली, आणि आज निम्मे जण फळीवर बसून ओकतायत. कालवलेला चुना टोपल्यांतच घट्ट झाला, फेकून द्यावा लागला. मी ओरडलो, पण ओरडायलाही आता अंगात जोर लागतो आणि तो माझ्यात उरलेला नाही.

हे कागद अँथसने दिले. अँथस म्हणजे सम्राटांच्या खेळ-तमाशांचा कारभारी. रोमहून येतो, नाकाला रुमाल लावून फिरतो आणि जाताना काहीतरी उपदेश करून जातो. "मागची बाजू कोरी आहे, त्रोफिमस. तुला लिहिता येतं ना? मग लिही काहीतरी," म्हणाला. दुपारच्या उन्हात काम बंद असतं तेव्हा सगळे झोपतात. मला गुडघ्यांमुळे झोप लागत नाही, म्हणून लिहितो.

काम चालूच आहे. समुद्रात मेढी ठोकायच्या, त्यांना फळ्या मारून पेटी करायची आणि त्या पेटीत पाण्याखालीच चुना, राख आणि दगड सोडायचे. पुतेओलीच्या डोंगरातली राख असली की ते पाण्यातच दगड होऊन बसतं. अशा पेट्या एकीला एक लावत आम्ही बांध पुढे नेतोय. एकदा भरायला घेतलेली पेटी मध्ये सोडायची नाही. सोडली तर जुना थर आणि नवा थर एकजीव होत नाहीत, सांधा राहतो.

खाली टोपली उपडी करायला पाणबुड्या लागतो. त्याच्या कमरेला दोर असतो आणि दोराचं दुसरं टोक वर एका माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन हिसके म्हणजे वर ओढ. मी दोरवाला आहे. आणि माझ्या दोराला आहे माझा मुलगा, कार्पस. तो दिवसभर एकच हिसका देत असतो.

आज वर आला, तोंडातलं पाणी थुंकला आणि म्हणाला, "बाबा, मी खाली उतरतोय की तुमच्या कडेवर बसलोय? सोडा की जरा!"

"सोडतो की."

"कुठे सोडता! इतका ताणून धरता की बेंबी पाठीला लागते."

सगळे हसले. मीही हसलो. पण सैल सोडणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

मी गुलामीतून सुटलो त्याला बरीच वर्षं झाली. आता मी स्वतंत्र माणूस आहे, सणाला पांढरा तोगा नेसू शकतो. पण कार्पसची आई क्रेस्ते अजून मालकांच्या घरची दासी, इथल्या भटारखान्यात लापशी रांधते. आई गुलाम तर मूल गुलाम, असा कायदा. आमचे मालक म्हणजे खुद्द सम्राट, म्हणजे सगळ्या जगाचेच मालक, त्यामुळे गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं हा प्रश्नच येत नाही. मला एकच पाहायचंय, कार्पसच्या डोक्यावर सुटकेची टोपी, सुटलेल्या गुलामाला घालतात ती. त्यानंतर गुडघे गेले तरी चालतील.


जुलै संपत आला

गॉलहून आलेलं एक जहाज आपल्या बंदराच्या तोंडाशीच कलंडलं. माणसं वाचली. माल म्हणजे कातडी, ती सगळी तळाशी गेली. दोन दिवसांत अशी घाण सुटली की क्रेस्तेच्या लापशीलाही तोच वास. कार्पस आणि त्याचा जोडीदार सीरस म्हणाले, आम्ही काढून टाकतो. पण माल कुणाचा, काढायचा खर्च कुणी द्यायचा, यावर रोमहून उत्तर यायचंय. तोवर हात लावायचा नाही.

उत्तर येईपर्यंत आपण सगळे कुजून जाऊ.


ऑगस्ट, सुरुवातीचे दिवस

देवमासा आलाय.

सकाळी सीरस बोंबलत वर आला, "कुणीतरी आहे खाली! कुणीतरी आहे!" आम्ही म्हटलं, काल पुन्हा ढोसली वाटतं. तेवढ्यात ती काळी पाठ वर आली.  बांधावरचे सगळे एकदम बोलायला लागले.

कातडी खायला आलाय. खाताना वाळूत घुसत घुसत किनाऱ्याकडे आला आणि आता उथळ पाण्यात त्याला नीट वळताही येत नाही. शेपटी आपटतो तेव्हा आमच्या पेटीच्या फळ्या हलतात. पाणबुड्यांना खाली सोडणं शक्यच नाही. कार्पसची पेटी निम्मी भरून थांबलीय.

तो दिवसभर बांधाच्या टोकाशी बसून होता. "कातडी संपली की जाईल तो. नाहीतर उरलेली आपणच लांब नेऊन टाकू, त्यामागे जाईल. बाबा, दोन दिवसांचं काम आहे. पेटी वाचेल."

पोराचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी वर कळवलं.


दोन दिवसांनी

उत्तर आलं, आणि ते घेऊन खुद्द अँथस आला. या वेळी नाकाला रुमालही नव्हता.

"त्याला जाऊ द्यायचं नाही," म्हणाला. "बंदराचं तोंड जाळ्यांनी बंद करा. मालक येतायत. स्वतः. अंगरक्षकांना घेऊन नावेतून शिकार करणार आणि अख्खं रोम बघायला येणार. आणखी कातडी मागवली आहेत, ती टाका आत. मासा उपाशी दिसायला नको."

मी म्हटलं, "साहेब, पेटी निम्मी भरलीय. वादळाचे दिवस जवळ आले."

तो बाजूच्या दगडावर बसला. दमलेला दिसला, म्हणून असेल, पण माझ्याशी नीट बोलला. "त्रोफिमस, या बांधात किती पैसा गेला याचा हिशोब मीही बघत नाही, भीती वाटते. आणि दिसतं काय? पाण्यावर हातभर दगड. रोमचा माणूस इथे येऊन काय बघणार, तुझी राख? धान्याचं जहाज सुखरूप आलं तर तो दुवा देतो भाकरवाल्याला. मालकांना द्यायची तर त्याला मालक दिसायला हवेत. समुद्रातून राक्षस आला आणि मालकांनी त्याला आपल्या बंदरात कोंडून मारला, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो जन्मभर सांगत बसेल. मग तुझ्या बांधाला पैसा कमी पडणार नाही."

मला पटलं. इतक्या वर्षांत बांध कशासाठी हे मला कुणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं.


पोर्तुनसच्या सणाचा दिवस

आज आमच्या देवाचा, बंदराच्या देवाचा सण, आणि आम्ही जाळी विणत बसलो. हाताची सालं निघाली. अँथस म्हणतो, दुहेरी करा. दुहेरी केली. खालची कड पाणबुड्यांनी मेढींना बांधली. देवमासा पलीकडे कातड्यांत गुंग होता म्हणून जमलं. कार्पसच्या गाठी सगळ्यांत घट्ट. "तोडायची वेळ आली तर दात लागतील," असं सीरस म्हणाला.

मग अँथसने सांगितलं, नावा वल्हवायला पाणबुडे हवेत, ते पाण्याला घाबरत नाहीत.

आणि माझ्या डोक्यात तो विचार आला. आला म्हणजे काय, तो तिथे होताच. रोमला रिंगणात, रथांच्या शर्यतीत, असं होतं. एखादा गुलाम जिवावर उदार होऊन खेळला की लोक ओरडतात, "सोडा त्याला! सोडा त्याला!" आणि एवढे लोक एका सुरात ओरडले की मालकांना नाही म्हणता येत नाही. हात वर करतात. झालं. नऊ-दहा वर्षं अर्ज करून जे होत नाही ते एका हातात होतं.

मी अँथसला म्हटलं, "साहेब, माझा कार्पस पहिल्या नावेत बसवा. मालकांच्या समोरच्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं त्याने. तोही एकेकाळी गुलामच होता. "बसवतो," म्हणाला. "पण एक सांगतो. दोर नको हं कुणाला. वल्ह्यांत अडकतो. आणि दोर बांधलेला माणूस बरा नाही दिसत, बांधलेल्या बैलासारखा दिसतो."


दुसऱ्या दिवशी

कार्पस नको म्हणतो.

"मला कशाला तमाशात नेता? मी पेटीवर थांबतो. उघडी पडलीय, वरचा थर कडक होतोय, निदान ओली पोती टाकून ठेवू दे."

"पेटी कुठे पळून जात नाही."

"आणि दोराशिवाय? बाबा, तुम्ही बोलताय हे? तुम्ही?"

मला एकदम राग आला. "जन्मभर दोराला लटकणार आहेस का? दोर बांधलेला माणूस गुलाम दिसतो! एक दिवस दोर सोडून लोकांसमोर उभा राहा, त्यांना दिसू दे काय आहेस ते!"

 तो हळूच म्हणाला, "इतकी वर्षं मी सैल सोडा, सैल सोडा म्हणत होतो, तेव्हा नाही सोडलात." आणि हसला. त्याच्या आईसारखा हसतो, एका बाजूने. मग म्हणाला, "बरं. जातो. तुमच्यासाठी."

त्याच्यासाठीच चाललंय हे, माझ्यासाठी काय! पण जातो म्हणाला ते महत्त्वाचं.


ओस्तियाला जाऊन आलो

टोपी घेतली. लोकरीच्या पांढऱ्या नमद्याची, चांगली जाड. दुकानदार म्हणाला, "कुणाला सोडताय?" मी म्हटलं, "मुलाला." असं म्हणताना फार बरं वाटलं.

घरी बार्लीच्या पिठाच्या रांजणात लपवली. बायकोपासून रांजणात काही लपवणारा मी मूर्खच. संध्याकाळी क्रेस्ते टोपी हातात घेऊन उभी.

"हे काय?"

सगळं सांगितलं तिला. तिने टोपीवरचं पीठ झटकलं. "आणि लोक नाही ओरडले तर?"

"ओरडतील."

"मासा ओरडला तर?"

"क्रेस्ते, तोंड चांगलं ठेव."

"मी चांगलंच ठेवते. तू तुझं डोकं कुठे ठेवलंयस ते बघ." मग टोपी घडी करून माझ्या तोग्यात ठेवली, वरच. तिलाही हवंच होतं ते. मला माहीत आहे.


तमाशाच्या आदल्या दिवशी

पाहुण्यांसाठी बांधावर मांडव टाकतोय. निम्म्या पेटीवर फळ्या ठोकून त्यावर बाकं मांडली. तिथून छान दिसेल म्हणे. कार्पसने ओली पोती आणली होती, ती बाकांखाली जाईनात.

रोमहून आत्तापासूनच लोक यायला लागलेत. पोरंबाळं, भाजलेले हरभरे, मातीचे छोटे देवमासे विकणारे. एकाने मला विचारलं, हे सगळं मालकांनी या माशासाठीच बांधलंय का? मी म्हटलं, हो.

कोण समजावत बसणार.


किती दिवस झाले लिहून, कळत नाही

आता लिहितो. न लिहिता बरं वाटत नाही आणि लिहूनही वाटणार नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी हवा फार छान होती. दोन्ही बांधांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. अँथसने मला पायऱ्यांपाशी जागा दिली. मी तोगा नेसून होतो. तो अंगाला टोचत होता आणि त्यात टोपी. मालक जांभळ्या वस्त्रात नावेत उभे होते, लांबून लहानसे दिसत होते. ते दिसताच जो आवाज झाला तो छातीत लागला. मीही ओरडलो.

शिपायांनी भाले टाकले. देवमासा वळायला बघत होता आणि वळता येत नव्हतं. जाळ्याशी गेला, परतला, पुन्हा जाळ्याशी गेला. कार्पसची नाव त्याच्या मागे. पुढे बसला होता तो, वल्हं मारत. मला शोधलं त्याने, सापडलो मी, त्याने मान हलवली.

मग तो मासा नावेच्या अगदी कडेला वर आला आणि श्वास सोडला. पाण्याचा एवढा लोंढा आला की नाव भरली आणि तशीच, उभीच्या उभी, खाली गेली. चिलखत घातलेली माणसं. लोक हसले. टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे ठरलेलंच आहे.

कार्पस वर आला तो एका शिपायाला धरून. सीरसच्या नावेत लोटलं त्याला. पुन्हा खाली. पुन्हा एक. सीरस ओरडत होता, "कार्पस! कार्पस!" बांधावर कुणीतरी ते ऐकलं आणि उचललं. मग सगळे. "कार्पस! कार्पस!" माझ्या पोराचं नाव, एवढ्या तोंडांतून. तो आणखी एकाला घेऊन वर आला, श्वास घेतला, आणि परत खाली गेला.

आणि तेव्हा सुरू झालं. "सोडा त्याला! सोडा त्याला!"

मालकांनी हात वर केला. मी पाहिला. लांब होतो, पण हात स्पष्ट दिसला. मी टोपी काढली आणि हलवायला लागलो. रडत होतो, उड्या मारत होतो, या गुडघ्यांनी. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. "तुमचा मुलगा? तुमचा?" मी म्हटलं, "माझा! माझा!"

टोपी उजव्या हातात होती. या हातात मी दोर धरतो.

तो वर आला नाही. मी बघत होतो, आणि लोक मात्र पुन्हा माशाकडे वळले, कारण तो आता खरोखरच मरायला लागला होता.

संध्याकाळी आम्हीच जाळी उतरवली. तिथे होता. तळाशी, दुहेरी जाळ्यात पाय गुंतलेला. कमरेला सुरी होती, पण एक हात शिपायाच्या पट्ट्यात होता आणि दुसऱ्याने तो त्याच्याच गाठी सोडवत असणार. शिपायाला त्याने सोडलं नव्हतं.

क्रेस्तेने त्याला धुतलं. टोपी घातली. बराच वेळ ती त्याच्या कमरेवरून हात फिरवत होती, जिथे दोराचा घट्टा पडलाय तिथे. मग म्हणाली, "दोन हिसके दिले असतील त्याने. सवयीने."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.


सप्टेंबर

अँथस येऊन गेला. सुटकेचा कागद घेऊन आला होता, शिक्क्यासकट. कार्पस आता स्वतंत्र. मालकांच्या घराण्याचं नाव पुढे आणि त्याचं शेवटी, तीन नावं. माझ्यासारखीच.

मी म्हटलं, "थडग्याच्या दगडावर तीनही कोरायची आहेत."

त्याने कागद पुन्हा गुंडाळला. "दगड आत्ता नको, त्रोफिमस."

"का?"

"रोमला दवंडी पिटली गेलीय. शूर पाणबुड्याला मालकांनी स्वातंत्र्य दिलं. लोक खूश आहेत. भिंतींवर चित्रं काढतायत, मासा आणि टोपीवाला. त्याच्या पुढचं... ते नाही सांगितलेलं."

"मेला हे नाही सांगितलं?"

"कसं सांगायचं? मालकांनी हात वर केला आणि तेव्हा माणूस खाली बुडत होता? कसं दिसतं ते? अपशकुन आहे. बंदराचं उद्घाटन व्हायचंय अजून." मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरलंय ते गुपचूप राहू दे. दगडाचं नंतर बघू. वर्ष जाऊ दे."

त्याचं म्हणणं चूक आहे असं नाही. हात वर केला हे खरं आहे. कार्पस त्यात सुटला हेही खरं आहे. तो क्षणभर तरी स्वतंत्र होता, पाण्याखाली का होईना. मी हिशोब लावत बसतो, हात आधी वर गेला की श्वास आधी संपला. हात आधी. हातच आधी असणार. तो दमाचा पक्का होता.

रस्त्याच्या कडेला, झाऊच्या झाडांपाशी पुरलाय. वर मडक्याचं तोंड ठेवलंय, त्याच्यासाठी दारू ओतायला. नाव नाही.


सप्टेंबर, द्राक्षं उतरवायला लागले

पेटीवरची बाकं काढली. वरचा थर कडक झालाय. त्यावर पुन्हा भरायला सुरुवात केली. सांधा राहणारच. दिसणार नाही, पाण्याखाली आहे.

रोमहून लोक येतात. देवमाशाची हाडं नेली तरी येतात. विचारतात, तो कार्पस कुठे असतो? टोपीवाला? मी म्हणतो, कामावर गेलाय. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा जीभ अडखळली. आता नाही.


तीन-चार दिवसांनी

सीरस आला. उभाच राहिला, बसेना. डोळे सुजलेले.

"काका, अँथस साहेबांनी बोलावलं होतं."

"मग?"

"उद्घाटनाला मालक पाण्यात सोन्याचा मुकुट टाकणार. पाणबुड्याने तो काढून आणायचा. लोकांना तो... लोकांना कार्पस हवाय." त्याने नाक पुसलं. "साहेब म्हणाले, तू त्याच्याच उंचीचा आहेस. लांबून कळत नाही. कागद तयारच आहे, त्यावरचं नाव तू घे. खरंच सोडणार म्हणतात मला, काका. खरंच. फक्त पुढे कार्पस म्हणून राहायचं."

मी हातातला दोर गुंडाळत राहिलो.

"नाही म्हणतो मी. तुम्ही सांगा, आत्ता जाऊन नाही म्हणतो."

हा आणि कार्पस एका ताटात जेवलेत. याच्या घरी दोन लहान बहिणी आहेत, त्याही मालकांच्या. हा सुटला तर कमावून त्यांना सोडवेल.

"नाही म्हणू नकोस," मी म्हटलं. "पुन्हा विचारायचे नाहीत ते."

तो माझ्या पायाशी बसून रडला. मला रडू आलं नाही. रागही आला नाही. यायला हवा होता बहुतेक. मी एवढंच म्हटलं, "पण दोर बांधून. अँथसला सांग, दोर नसेल तर टोपीवाल्याचा बाप तिथे येणार नाही."

अँथसने मान्य केलं. दोर पांढरा रंगवा म्हणाला, म्हणजे लांबून दिसणार नाही.


ऑक्टोबर. उद्घाटनाचा दिवस

झालं एकदाचं.

धान्याची जहाजं ओळीने आत आली, माळा घातलेली. मालकांनी कोकरू दिलं देवाला. शिंगं वाजली. बांध नवा पांढराशुभ्र दिसत होता, आणि सगळे म्हणत होते, समुद्राला वेसण घातली. मी टोकाशी तोगा नेसून उभा, हातात पांढरा दोर. सीरसच्या डोक्यावर टोपी, नवी. ती घातली आणि तो पुढे झाला मात्र, जो आवाज उठला!

"कार्पस! कार्पस!"

मुकुट पाण्यात पडला. सीरसने टोपी माझ्या हातात दिली, माझ्याकडे न बघता, आणि उडी मारली.

दोर हातातून गेला. गेला, आणि मी धरला. एक हिसका आला. सैल सोडा. माझा हात उघडेना. पुन्हा एक हिसका. मुकुट आणखी खाली असणार, वाळूत. शेजारचा शिपाई म्हणाला, "अहो, सोडा की, त्याला पोचता येत नाही!" मला ऐकू येत होतं. बोटं ऐकत नव्हती. शेवटी त्यानेच माझी बोटं सोडवली, एकेक करून, आणि दोर थोडा जाऊ दिला. मी टोक मनगटाला गुंडाळून ठेवलं होतं, ते नाही सोडू दिलं.

सीरस वर आला, मुकुट घेऊन. मालकांनी हात वर केला. परत तोच आवाज.

तेव्हा मला क्रेस्ते दिसली. भटारखाना आणि घर सोडून ती दोन महिने कुठे गेली नव्हती. गर्दीत, मासळीवाल्या बायकांच्या मध्ये उभी होती, डोक्यावरचा पदर मागे पडलेला. वर बघत होती. आणि सगळ्यांबरोबर तीही ओरडत होती. घसा फुटेस्तोवर. "कार्पस! कार्पस!"

मला वाटलं, बाई वेडी झाली. गर्दी पांगल्यावर धावत गेलो, हाताला धरलं. "तू कशाला आलीस? तुला ठाऊक आहे ना, तो सीरस आहे?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"दुसरीकडे कुठे घेतात त्याचं नाव?" ती म्हणाली. आवाज बसला होता. "तिथे झाडाखाली दगडही नाही. घरी तू घेत नाहीस, मी घेत नाही. इथे एवढी माणसं घेतात."

आम्ही घरी चालत आलो. मनगटावर दोराचा वळ उठला होता, तिने त्याला तेल लावलं. लापशी वाढली. मी दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात तिने विचारलं.

"पुन्हा कधी आहे?"

मी म्हटलं, डिसेंबरात, सॅटर्नच्या सणाला, असं अँथस म्हणत होता.

"मला पुढे जागा मिळते का बघ," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.